३२४३ : फ्रेडरिक सँगर यांची गोष्ट

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा डायनिंग टेबलवर आईचा एक रिपोर्ट पडला होता. नेहमीचा शुगरचा रिपोर्ट एका पानाचा असतो. उपाशीपोटी इतकी, जेवणानंतर इतकी, संपलं. हा चांगला पाच पानांचा होता आणि त्यात शुगरचा आकडा कुठेच नव्हता. दुसऱ्या पानावर जाड अक्षरांत एकच ओळ होती, एम.३२४३ए>जी. आईने तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, तू इंजिनिअर होणार आहेस ना, मग वाच.

आता मी पडले ईएनटीसीची. अकरावीत बायोलॉजी सोडली तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पण एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यात फर्स्ट इयरपासून बसवलेली असते. कुठलंही माप दिसलं की आधी विचारायचं, झीरो कुठे धरलाय? ३२४३ म्हणजे कशापासून ३२४३? आईला जाणून घ्यायचं होतं की आपल्याला नक्की झालंय काय. मी मात्र हे मोजलं कोणी ते शोधत बसले. त्या शोधात जो माणूस सापडला त्याच्यावर हा लेख आहे. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने तपासलंय. तरी राहिलेल्या चुका माझ्या.)

फ्रेडरिक सँगर यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१८ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात रेंडकोंब या खेड्यात झाला. वडील डॉक्टर. काही वर्षं चीनमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून राहून तब्येतीमुळे परत आलेले. आई सुती कापडाच्या गिरणीवाल्यांच्या श्रीमंत घरातली. घरातलं वातावरण क्वेकर पंथाचं. हा ख्रिश्चनांमधला एक पंथ आहे. युद्धात भाग घ्यायचा नाही, खरं बोलायचं, मोठेपणा मिरवायचा नाही अशी त्यांची शिकवण. पुढे सँगर यांची देवाधर्मावरची श्रद्धा सुटली, पण सवयी सुटल्या नाहीत.

१९३६ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. इथे मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली, कारण त्यांना फिजिक्स आणि मॅथ्स झेपेना. दुसऱ्या वर्षी त्यांनी फिजिक्स सोडून फिजिऑलॉजी घेतलं आणि पहिला टप्पा पार करायला दोनाऐवजी तीन वर्षं घेतली. आपल्याकडे याला लोक काय म्हणतात ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. पण नुसता अभ्यासच जड नव्हता. केंब्रिजमधल्या पहिल्या दोन वर्षांतच त्यांचे वडील कॅन्सरने गेले आणि आईही कॅन्सरनेच गेली. तेव्हा ते जवळपास माझ्याच वयाचे होते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि घरी फोन लावला.

आईवडिलांमागे पैसा मात्र राहिला होता. त्यामुळे पगार किंवा स्कॉलरशिप नसतानाही त्यांना पीएचडी करता आली. हे ते स्वतःही मान्य करत. गरीब घरातला असाच मुलगा असता तर कदाचित ही गोष्ट इथेच संपली असती. बायोकेमिस्ट्रीत ते पहिल्या वर्गात आले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी बंदूक उचलायला नकार दिला आणि सरकारने तो मान्य केला. काही दिवस हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉयचं काम करून ते पुन्हा केंब्रिजला आले. १९४० मध्ये मार्गारेट जोन होव यांच्याशी लग्न झालं आणि १९४३ मध्ये पीएचडी झाली.

त्याच वर्षी बायोकेमिस्ट्रीचे नवे प्रोफेसर चिबनॉल यांनी त्यांना एक काम दिलं. इन्सुलिनच्या रेणूला टोकं किती आणि त्या टोकांवर काय आहे, ते शोधायचं. इन्सुलिनच का? कारण शुद्ध स्वरूपात सहज मिळणारी जी थोडी प्रोटीन्स होती त्यातलं ते एक. डायबेटिसच्या पेशंटसाठी कंपन्या ते गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढत असत. म्हणजे ज्या इंजेक्शनच्या बाटलीला आमच्या घरी फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी जागा आहे, तिथूनच सँगर यांची सुरुवात झाली.

त्या काळी प्रोटीन म्हणजे नक्की काय याबद्दल मोठमोठ्या शास्त्रज्ञांमध्येही गोंधळ होता. अमायनो आम्लांची माळ असते इतपत माहीत होतं. पण माळेतल्या मण्यांचा क्रम ठरलेला असतो, की साधारण एकसारख्या माळांची सरमिसळ असते? सँगर यांनी एक रसायन घेतलं, जे माळेच्या मोकळ्या टोकाच्या मण्याला चिकटतं आणि त्याला पिवळा रंग देतं. मग आम्ल घालून माळ तोडायची, आणि जो मणी पिवळा निघेल तो टोकाचा. इन्सुलिनला दोन प्रकारची टोकं सापडली, म्हणजे माळा दोन! मग प्रत्येक माळेचे लहान लहान तुकडे करायचे, कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीने ते वेगळे करायचे, प्रत्येकात काय आहे ते बघायचं आणि एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांवरून मूळ क्रम जुळवायचा. कोणी जर्नलचं पान रागाने फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं असेल आणि तुम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री ते जोडत बसला असाल, तर तुम्हाला याची थोडी कल्पना येईल. फक्त सँगर यांची ती रात्र साधारण दहा-बारा वर्षांची होती. ३० मण्यांची माळ १९५१ मध्ये जुळली, २१ मण्यांची १९५३ मध्ये, आणि दोन्ही माळांना जोडणारे गंधकाचे पूल नक्की कुठे आहेत ते १९५५ मध्ये कळलं. एकूण मणी ५१. क्रम पक्का, कुठेही सरमिसळ नाही.

यासाठी १९५८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. वय ४०.

आपल्याकडे एवढ्यावर माणसाचे सत्कार सुरू होतात आणि काम थांबतं. त्यांचंही काम जवळपास थांबलंच, पण वेगळ्या कारणाने. पुढची काही वर्षं हाताला विशेष काही लागेना. क्रम लावायची हीच पद्धत आरएनएवर चालवायची त्यांची धडपड चालू होती, पण १९६५ साली अमेरिकेच्या रॉबर्ट हॉली यांनी ट्रान्सफर आरएनएचा पहिला क्रम आधी लावून दाखवला. नोबेल मिळालेला माणूस रेसमध्ये दुसरा आला. मला या माणसाच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात काहीच घडत नाही. ते रोज लॅबमध्ये जायचे, स्वतःच्या हाताने प्रयोग करायचे, ते फसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. खुर्चीत बसून दुसऱ्यांकडून काम करून घेणारे प्रोफेसर ते कधीच झाले नाहीत. शिकवण्याची आणि कमिट्यांवर बसण्याची त्यांना मुळीच आवड नव्हती.

हळूहळू ते डीएनएकडे वळले. डीएनएची अक्षरं चारच, ए, सी, जी आणि टी. पण माळ लांबच लांब. इन्सुलिनसारखी तोडून-जोडून वाचायची म्हटली तर जन्म पुरणार नाही. तेव्हा सँगर आणि त्यांचे सहकारी अ‍ॅलन कूल्सन यांनी उलटा विचार केला. तोडायच्या ऐवजी बनवायची, आणि बनवता बनवता मध्येच थांबवायची.

हे मी रूममेटला रेल्वेवरून समजावलं. समजा यार्डात गाडी जोडणं चालू आहे. डबे चार प्रकारचे, आणि कुठला डबा कोणानंतर हे समोरच्या मूळ गाडीवरून ठरतं. प्रत्येक डब्याला मागे एक हुक असतो, त्यात पुढचा डबा अडकतो. आता यार्डातल्या ए प्रकारच्या डब्यांमध्ये थोडे बिनहुकाचे डबे मिसळून टाका. गाडी जोडताना ए च्या जागी कधी चांगला डबा लागेल, गाडी पुढे वाढेल. कधी बिनहुकाचा लागेल, गाडी तिथेच संपेल. लाखो गाड्या एकदम जोडल्या तर मूळ गाडीत जिथे जिथे ए ची जागा आहे तिथे तिथे संपणाऱ्या गाड्या मिळतील. हेच सी, जी आणि टी साठी वेगवेगळ्या नळ्यांमध्ये करायचं. मग चारही नळ्यांतला माल शेजारी शेजारी जेलमधून विजेच्या दाबाने पळवायचा. छोटी गाडी लांब पळते, मोठी मागे राहते, आणि एका डब्याचा फरकही वेगळा दिसतो. रेडिओअ‍ॅक्टिव्ह खूण केलेली असल्यामुळे एक्स-रे फिल्मवर काळ्या रेघांची शिडी उमटते. खालून वर वाचत जायचं. कुठल्या रांगेत रेघ आहे ते बघायचं, आणि अक्षर लिहायचं. बस!

या बिनहुकाच्या डब्यांचं नाव डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइड. ते सगळे बाजारात तयार मिळत नव्हते, काही लॅबमध्येच बनवावे लागले. डिसेंबर १९७७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. आधीच्या पद्धतीने त्यांच्या गटाने त्याच वर्षी फाय एक्स १७४ या विषाणूचा सुमारे ५,४०० अक्षरांचा पूर्ण डीएनए वाचून दाखवला होता. या कामासाठी १९८० मध्ये दुसरं नोबेल मिळालं, पुन्हा केमिस्ट्रीचंच. अर्धा पुरस्कार पॉल बर्ग यांना, आणि उरलेल्या अर्ध्यात सँगर आणि दुसरी पद्धत शोधणारे वॉल्टर गिल्बर्ट. केमिस्ट्रीत दोनदा नोबेल मिळवणारे सँगर पहिले. दुसरं नाव यायला २०२२ साल उजाडलं, बॅरी शार्पलेस यांचं.

आणि आता माझा आकडा.

विषाणूनंतर माणसाचं काहीतरी वाचायचं होतं, पण माणसाचा सगळा डीएनए म्हणजे तीनशे कोटी अक्षरं. तेव्हा त्यांनी सगळ्यात छोटा तुकडा निवडला. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया असतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, बांगडीसारखा गोल. १९८१ मध्ये सँगर यांच्या गटाने ती अख्खी बांगडी वाचून प्रसिद्ध केली. अक्षरं १६,५६९. आता बांगडीला सुरुवात कुठे असते? कुठेच नाही. त्यांनी सोयीची एक जागा ठरवली, तिला १ नंबर दिला आणि तिथून मोजत गेले. जगभरच्या लॅबने तेच नंबर धरले. त्याला नावच पडलं, केंब्रिज रेफरन्स सीक्वेन्स. आईच्या रिपोर्टमधला ३२४३ हा त्या माणसाने ठरवलेल्या १ पासून मोजलेला ३२४३ आहे. माझा झीरो सापडला.

यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९९ साली तोच नमुना पुन्हा वाचला तेव्हा काही चुका निघाल्या. त्यातली एक म्हणजे ३१०७ नंबरचं अक्षर मुळात नव्हतंच, जादा मोजलं गेलं होतं. ते काढून टाकलं असतं तर पुढचे सगळे नंबर एकाने सरकले असते आणि जगातले सगळे जुने रिपोर्ट चुकीचे ठरले असते. मग ती जागा नुसती रिकामी ठेवली. म्हणजे आईचा नंबर खरं तर ३२४२ हवा. रोल नंबर रिकामा ठेवून हजेरी घेतात ना, तसं.

१९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या एका मोठ्या कुटुंबात डायबेटिस आणि बहिरेपण दोन्ही एकत्र आणि फक्त आईकडून मुलांना जाताना दिसलं. त्या सगळ्यांच्या मायटोकाँड्रियात ३२४३ या जागी ए ऐवजी जी होता. आमची आजी, म्हणजे आईची आई, हिला तरुणपणीच शुगर निघाली होती आणि तिच्याशी सगळे ओरडूनच बोलायचे. मावशीचं तेच. आई छत्तिसाव्या वर्षी पेशंट झाली, आणि आमच्या टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पाठ आहे. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. पण आजीचं ऐकू न येणं म्हणजे वय, आणि शुगर म्हणजे शुगर, असे दोन वेगळे कप्पे होते.

दोन कप्पे एकाच तारेला जोडलेले कसे, हे मला शेवटी सर्किट काढल्यावरच कळलं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. ग्लुकोज आत आलं की ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला पकडतं, हा सेन्सर. मायटोकाँड्रिया ते जाळून एटीपी बनवतात, हा पॉवर सप्लाय. एटीपी वाढला की पेशीच्या भिंतीतल्या पोटॅशियम चॅनलचं दार मिटतं, व्होल्टेज बदलतं, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. फॉल्ट यात कुठेही असला तरी बाहेरून मीटरवर रीडिंग एकच, शुगर जास्त.

पण दुरुस्ती वेगवेगळी! सेन्सरच्या जीनमध्ये बदल असेल तर शुगर जन्मभर थोडीशी वर राहते, आणि गरोदरपण सोडलं तर सहसा औषधच लागत नाही. पोटॅशियम चॅनलचं दार उघडंच अडकलं असेल तर बाळाला पहिल्या सहा महिन्यांतच डायबेटिस होतो. अशा बाळांना पूर्वी जन्मभर इन्सुलिन टोचत. २००४ साली इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या गटाने तो जीन दाखवून दिला. दार मिटणारी सल्फोनिलयुरिया नावाची गोळी तर डायबेटिससाठी आधीपासूनच दुकानात होती. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात ४९ पैकी ४४ पेशंटची इंजेक्शनं सुटली. खुद्द इन्सुलिनच्या जीनमध्येही चूक असू शकते. त्यातल्या एका प्रकारात दोन माळांना जोडणारा एक गंधकाचा पूलच तयार होत नाही, आणि इन्सुलिनची घडी बिघडून पेशी मरतात. सँगर यांनी १९५५ मध्ये जागा दाखवून दिलेल्या पुलांपैकीच तो एक. आणि पॉवर सप्लाय कमजोर असेल तर जिथे ऊर्जा जास्त लागते तिथे तिथे दिवे मंद होतात. बीटा पेशी, आणि आतला कान.

कुठला फॉल्ट आहे हे शुगर मोजून कळत नाही. अक्षरंच वाचावी लागतात. हल्ली नव्या मशीनवर शेकडो जीन एकदम वाचतात. तरी एखादं सापडलेलं अक्षर पक्कं करायला अनेक लॅबमध्ये आजही बिनहुकाच्या डब्यांचीच पद्धत वापरतात, आणि तिला सँगर सीक्वेन्सिंगच म्हणतात. आईच्या बाबतीत सॅम्पल रक्ताऐवजी लघवीचं घेतलं, कारण रक्तात हा बदल वयाबरोबर कमी कमी दिसत जातो आणि नजरेतून सुटू शकतो.

रिपोर्टनंतर आईची मेटफॉर्मिनची गोळी बंद झाली, कारण मायटोकाँड्रिया कमजोर असताना ती डॉक्टर टाळतात. कानाची तपासणी झाली, मशीन आलं, हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी सुरू झाली. त्याआधी अकरा वर्षं एका डॉक्टरांनी तिला प्रत्येक व्हिजिटला गोड खाण्यावरून ऐकवलं होतं. माझी आई सत्तेचाळीस किलोची आहे आणि होळीला सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतः भाकरी खाते. तिचा काही दोष नव्हता हे पाच पानांत लिहून आलं, तेव्हा ती खूप वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, सुटली. पण ती दुसराच हिशोब करत होती. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. मामाला हे असलं तरी त्याच्या मुलांना त्याच्याकडून जाणार नाही. आईकडून मात्र मला आणि माझ्या भावाला आलेलंच असणार. किती प्रमाणात, एवढाच प्रश्न. कारण एका पेशीत या बांगड्या शेकड्याने असतात, आणि त्यातल्या किती बिघडलेल्या यावर पुढचं ठरतं. एक दोष गेला आणि तिने दुसरा उचलला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त म्हटलं, तुला आजीचा राग येतो का? ती नाही म्हणाली.

सँगर १९८३ मध्ये, ६५ वर्षांचे झाल्यावर, रिटायर झाले. म्हणजे खरोखरच झाले. लॅब सोडली ती सोडलीच. केंब्रिजजवळच्या स्वॉफम बुलबेक गावात घर होतं, तिथे बाग करत बसले. सरकारने सर ही पदवी देऊ केली तर नको म्हणाले, लोकांनी आपल्याला सर म्हणावं हे त्यांना पटत नव्हतं. (आमच्या डिपार्टमेंटमध्ये हे खपलं नसतं.) १९८६ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मात्र स्वीकारली, त्यात सर लागत नाही. १९९३ मध्ये केंब्रिजजवळ हिंक्स्टनला त्यांच्या नावाचं सेंटर सुरू झालं. नाव द्यायला त्यांनी हो म्हटलं ते काम चांगलं व्हायला हवं या अटीवर. तिथे माणसाच्या जीनोमचा जवळजवळ एक तृतीयांश भाग वाचला गेला. त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेल्यांपैकी रॉडनी पोर्टर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न या दोघांना नोबेल मिळालं. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी केंब्रिजमध्ये ते वारले, ९५ वर्षांचे होऊन. आईवडील दोघंही साठीच्या आसपास गेलेल्या माणसाला एवढं आयुष्य मिळालं.

माझ्या भावाने गणपतीच्या सुट्टीत सॅम्पल दिलं. तो बारावीला आहे आणि त्याला कशाचीच भीती वाटत नाही. त्याच्या रिपोर्टमध्येही तोच नंबर आहे, पुढे टक्के लिहिलेत, आईपेक्षा बरेच कमी. आता वर्षातून एकदा शुगर आणि कान तपासायचे, एवढंच सध्या.

माझी बाटली दोन महिने हॉस्टेलच्या कपाटात जर्नलांच्या मागे पडून होती. सबमिशन आहे, मग ओरल आहेत, असं मी घरी सांगत राहिले. शेवटची ओरल शनिवारी झाली. सोमवारी सकाळी, हा लेख संपादक मंडळाकडे द्यायच्या आधी, मी ती लॅबमध्ये देऊन आले. रिपोर्टला चार आठवडे लागतात म्हणाले.